आहे तशी, आहे तिथे

आमच्या नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या तोंडात दोन वाक्यं कायम असत. एक, 'गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही'. दुसरं, 'आहे तशी, आहे तिथे'. पहिल्यामुळे आमच्या चुलीवरचं चहाचं पातेलं कधी खाली उतरलं नाही, आणि दोन्ही मिळून आमच्या मायचं घर गेलं. हे सगळं आज आठवायला कारण माझा नातू. परवा त्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "आजी, बघ ना, विंटेज फोर बाय फोर! ओरिजिनल मिलिटरी!" फोटोत कुणाच्या तरी लिंबाखाली एक जीप उभी होती, चाकांत हवा नाही, हूड फाटलेलं, आणि खाली किंमत अशी की मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. मी म्हटलं, "अरे, असल्या पंधरा आमच्या दारात पडून असायच्या. त्यांच्या बॉनेटवर आम्ही ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या वाळत घालायचो." पोरगं हसलं. त्याला वाटलं म्हातारी फेकतेय.

फेकत नाही. धुळ्यात आग्रा रोडला लागून नानांचं आवार होतं. मिलिटरीच्या लिलावात निघालेल्या जीपा, वन-टन म्हणायचे ते छोटे ट्रक, ट्रेलर असलं घेऊन यायचं, ठोकठाक करायची, रंग मारायचा आणि विकायचं, हा त्यांचा धंदा. विंटेज वगैरे शब्द तेव्हा आमच्या गावीही नव्हता. 'डिस्पोजलची गाडी' म्हणायचे लोक. लिलावाच्या कागदावर एक अट असायची, गाडी आहे तशी आणि आहे तिथे घ्यायची, नंतर तक्रार चालणार नाही. सरकारनं ती आपल्या सोयीसाठी घातली असेल, पण धुळे-मालेगावच्या या धंदेवाल्यांनी तिचा पार धर्म करून टाकला होता. एकदा बोलणं झालं की झालं. त्या क्षणाला गाडीत जे असेल ते घेणाऱ्याचं. सीटखाली पाना निघो, कंबल निघो, नाहीतर कुण्या जवानाचा दाढीचा आरसा निघो. मालेगावकडचा एक व्यापारी नानांना जीप देऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी धापा टाकत परत आला. सीटखाली त्याच्या बापाची अवजारांची पेटी राहिली होती. बिचारा हात जोडून उभा होता. नाना चहा पाजून म्हणाले, "भाऊ, पेटीचं मोल नाही मला. पण बोलणं झालं ना?" आवारात चारजण बसलेले, सगळ्यांनी माना डोलावल्या. तो माणूस रिकाम्या हातानं गेला. माय दारातून बघत होती. आत येऊन ती एवढंच म्हणाली, "पेटी दिली असती तर हात झडले असते का?" नानांनी ऐकलं नाही, किंवा ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

आणि ते पहिलं वाक्य. एखादी गाडी विकायची नसली, तरी 'विकायची नाही' असं म्हणायचं नाही. दारात आलेल्या लक्ष्मीला नाही म्हटलं की ती पुन्हा येत नाही, असं त्यांचं ठाम मत. मग करायचं काय, तर भाव असा सांगायचा की माणसानं चहाचा शेवटचा घोट घेऊन मुकाट्यानं उठावं. नानांना त्यात मोठी मजा वाटे. गिऱ्हाईक गेलं की मांडीवर थाप मारून म्हणायचे, "पाहिलं? नाही म्हटलं नाही, आणि गाडीही जागेवर!"

आम्ही राहायचो त्याच आवाराच्या मागे, दोन पत्र्याच्या खोल्यांत. नाना, माय, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान विमल. खोल्या भाड्याच्या. मालक देवपुरात राहायचा आणि महिन्याला एकदा येऊन भिंतींवरून हात फिरवायचा. त्याची एक अट होती, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. मी सांगतेय त्या वर्षापर्यंत बारा वर्षं आमचे कपडे दोरीवर, कॅलेंडर कपाटाला टेकवलेलं, आणि आरसा कधी या डब्याला टेकवलेला कधी त्या. सकाळी सहापासून पत्रा ठोकण्याचा आवाज सुरू व्हायचा. त्यात रोडवरच्या ट्रकांचे हॉर्न, इंजिन सुरू करताना होणारी ती खोकल्याची उबळ, आणि मायच्या पाट्यावर ठेचा रगडल्याचा आवाज. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि वर कच्चं तेल, हे आमचं रोजचं जेवण, आणि त्याला ग्रीसचा वास यायचाच. मायला इंजिनाच्या आवाजावरून कळायचं की कुठल्या गाडीचं काय बिघडलंय. ती कधी बोलायची नाही ते वेगळं. अमळनेरच्या मोठ्या खटल्याच्या घरातून आलेली बाई, तिच्या बापाच्या घरात माणसांपेक्षा खुंट्या जास्त होत्या, असं ती म्हणायची. एवढा एकच टोमणा ती मारायची, पण बारा वर्षं मारला.

मग एका लिलावात नानांना जीपांबरोबर एक मिलिटरीची ॲम्ब्युलन्स घ्यावी लागली. गठ्ठ्यात आली म्हणून घेतली, तिला गिऱ्हाईक काही मिळेना. उंच, चौकोनी, मागे दोन पायऱ्या आणि एक जड पत्र्याचा दरवाजा. लाल फुलीवर कुणीतरी हिरवा रंग मारलेला होता, तरी ऊन पडलं की फुली दिसायची. ती लिंबाखाली उभी राहिली. दुपारी आमच्या खोल्या तव्यासारख्या तापायच्या, म्हणून माय धान्य निवडायला तिच्यात जाऊन बसू लागली. पहिल्यांदा तासभर, मग दोन तास, मग तिनं आत एक चटई नेऊन ठेवली. एकदा नाना जेवायला आले तर घरात कुणी नाही. आम्ही तिघी गाडीत बसून शेंगा फोडत होतो. नाना पायरीवर पाय ठेवून बराच वेळ बघत राहिले. नाना वाईट नव्हते हो. हे मला या प्रकरणात पुन्हा पुन्हा सांगावं लागणार आहे, कारण मलाच ते पुन्हा पुन्हा विसरायला होतं. ते म्हणाले, "हिला आपण घरच करू. विकायची नाही हिला. दिवाळीनंतर हिच्यातून फिरायला जाऊ, महिनाभर. नर्मदेपर्यंत."

पुढचे तीन महिने आमच्या आवारात जीपा बाजूला आणि ॲम्ब्युलन्स मध्ये. नानांनी एक सुतार लावला. त्यानं आत एका बाजूला झोपायची फळी केली, तिच्याखाली धान्याची पेटी, दुसऱ्या बाजूला ओटा आणि ओट्यावर स्टोव्हला लोखंडी कडं, गाडी हलली तरी स्टोव्ह हलू नये म्हणून. सगळ्यात नामी म्हणजे मसाल्याची फळी. तिच्यात त्यानं सहा गोल भोकं पाडली, मायच्या सहा डब्यांच्या मापाची. डबा भोकात बसला की खड्डा येवो नाहीतर घाट, हलायचं नाव नाही. मागचा दरवाजा मात्र शेवटपर्यंत नीट लागला नाही. त्याला कडीपाशी धरून थोडा वर उचलायचा आणि कमरेनं एक धक्का द्यायचा, तरच तो बसे. नाना म्हणाले बदलून टाकू, तर मायनंच नको म्हटलं. तिला ती खोड जमली होती. काम पुरं झालं त्या दिवशी मायनं सुताराकडून हातोडी मागून घेतली आणि फळीच्या वरच्या लाकडी पट्टीत स्वतःच्या हातानं एक खिळा ठोकला. मग दुसरा, मग तिसरा. "आठे कोन्ही काही म्हनत नही," ती म्हणाली. इथं कुणी काही म्हणत नाही. पहिल्या खिळ्यावर तिनं आरसा लावला. मी तिला तशी हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही.

दिवाळी झाली आणि आम्ही निघालो. मायनं धुळ्याच्या खोल्यांतलं चांगलं म्हणून जे काही होतं ते सगळं गाडीत भरलं, पितळी पातेली, तिच्या आईनं दिलेला पाटा-वरवंटा, बिबड्यांचा डबा, लोणच्याची बरणी, गोधड्या, देवही. नाना म्हणाले, "अगं, परत यायचंय ना?" मायनं गोधड्यांची गाठ आवळली. आता मला वाटतं, परत यायचं तिच्या मनात नसावंच. पहिला मुक्काम अमळनेरला, मामांच्या अंगणात. मामा धोतर सावरत बाहेर आले आणि ओरडले, "आरे, मनी बहीण घरच लिसनी उनी!" बहीण घरच घेऊन आली म्हणून सगळी गल्ली गोळा झाली. मामींनी आत गाद्या घातल्या होत्या, पण माय माहेरच्या घरात झोपायला तयार होईना. सकाळी उठून तिनं गाडीच्या पायरीखाली रांगोळी काढली आणि मामींना हाक मारली, "ये वं, मना घरमा ये. च्या पेवाले ये." मामी पायऱ्या चढून आत आल्या, फळीवर टेकल्या, सहा डबे मोजल्यासारखे बघत राहिल्या. मायनं त्यांच्या हातात कपबशी दिली. बारा वर्षांत पहिल्यांदा ती माहेरच्या माणसाला आपल्या घरात चहा देत होती.

तिथून जळगाव, भुसावळ, मग दीपनगरला वीज केंद्राच्या कॉलनीत आत्याच्या क्वार्टरसमोर दोन रात्री. चिमण्यांच्या धुराखाली मायनं वाफवलेल्या डाळीचे फुनके आणि कढी केली आणि कॉलनीतल्या बायकांना आत बोलावून बोलावून वाढली. मग आम्ही सावद्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, हवा ओली. विमल आणि मी मागच्या खिडकीत. दुपारी रेडिएटर उकळलं, म्हणून नानांनी एका बागेच्या विहिरीपाशी गाडी थांबवली. पाणी घ्यायला म्हणून थांबलो. मायनं तेवढ्यात स्टोव्ह पेटवला आणि खिचडी टाकली.

बागेचा मालक मोटारसायकलवरून आला. पांढरा सदरा, डोक्याला रुमाल, चांगला बोलका माणूस. त्यानं पाणी दिलं, वर केळीचा एक घड दिला. गाडीभोवती फिरला, आत डोकावला, मायला नमस्कार केला. मग नानांना म्हणाला, "भाऊ, मले असंच पायजे होतं बागेत राहायले. द्याची का?" नाना हसले. मी तिथेच उभी होते. 'नाही' एवढा एक शब्द. तो त्यांच्या तोंडातून निघाला असता तर मी आज हे लिहीत नसते. पण बाहेर असो नाहीतर घरी, त्यांनी उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी भाव सांगितला. इतका की त्यात तीन जीपा आल्या असत्या. आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला, आता बघ कसा जातो म्हणून.

त्या माणसानं रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "दिले."

त्या वर्षी केळीला भाव होता हे आम्हाला धुळ्यात बसून काय माहीत. नानांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "भाऊ, मी आपलं गमतीनं..." तो म्हणाला, "तुम्ही धुळ्याचे आग्रा रोडचे नाना ना? मी तुमचं नाव ऐकेल आहे. बोलले म्हणजे बोलले, असं म्हणतात लोकं." झालं. तिथेच मामला संपला. शिव्या दिल्या असत्या तर नाना भांडले असते. नाव काढल्यावर ते ताठ झाले. बागेतली माणसं पाणी सोडायचं थांबवून बघत होती. नाना म्हणाले, "हो. बोललो."

माय खाली उतरली. तिच्या हातात खिचडीचा झारा होता. ती नानांपाशी जाऊन हळूच म्हणाली, "मनं घर शे त्यामा." माझं घर आहे त्यात. नाना म्हणाले, "दुसरी करू. याहून चांगली करू. पैसाही येतोय हातात." ती पुन्हा तेच म्हणाली, शब्दही न बदलता. त्या मालकाला कसंतरी झालं असावं. तो म्हणाला, "वहिनी, तुमची भांडीकुंडी घ्या उतरवून. मले गाडीच पायजे, संसार नको." आणि नाना, आमचे नाना, म्हणाले, "नाही. आहे तशी, आहे तिथे. मी दुसऱ्याला एक पेटी परत दिली नाही, तर आज माझ्यासाठी अट बदलू का?"

हे वाक्य मी आयुष्यभर उलटंसुलटं करून पाहिलं. त्यात खरेपणा होता. मालेगावच्या त्या माणसाचा न्याय नानांनी स्वतःलाही लावला. पण पातेली नानांची नव्हती, पाटा नानांच्या आईचा नव्हता. त्यांनी स्वतःला शिक्षा म्हणून जे दिलं ते सगळं मायचं होतं, आणि हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मला अजून राग येतो. पासष्टी उलटली, नाना जाऊन किती वर्षं झाली, तरी येतो. माय पायऱ्या चढली, स्टोव्ह बंद केला, देव पदरात गुंडाळले आणि उतरली. देव नेताना नाना तिला अडवू शकले नाहीत. मग तिनं दरवाजा वर उचलला, कमरेनं धक्का दिला आणि नीट लावून घेतला. खिचडी आतच राहिली.

सावद्याहून आम्ही एस.टी.नं परत आलो. नर्मदा राहिली. विमल सगळा वेळ रडत होती आणि माय पदरातले देव धरून खिडकीबाहेर बघत होती. धुळ्याला त्या दोन खोल्यांत स्वयंपाकाला धड पातेलं नव्हतं. त्या पैशाच्या नानांनी आणखी गाड्या घेतल्या, कारण पैसा आला की गाडी घ्यायची एवढंच त्यांना येत होतं. पुढे जीपांचा धंदा बसला, गाड्या भंगाराच्या भावानं गेल्या. दुसरं घर झालं नाही. नानांनी एकदोनदा खटाटोप केला, एक वन-टन आणून सुतारही बोलावला, पण माय तिच्या पायरीवर पाय ठेवीना. मरेपर्यंत ती त्यांच्या कुठल्याच गाडीत बसली नाही, दवाखान्यातसुद्धा रिक्षानं जायची. भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. वाढायची, धुवायची, विचारलं तेवढं बोलायची. नाना शेवटच्या आजारात तिला म्हणाले होते, "चुकलं गं माझं." तिनं त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि पाणी आणायला गेली.

नाना गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी फैजपूरला लग्न होतं. मी तोवर जळगावला दिलेली, दोन लेकरांची आई. मायला घेऊन मी गेले होते. लग्न आटोपल्यावर ती म्हणाली, "चल, जरा त्या रस्त्यानं जाऊन येऊ." कुठल्या ते मी विचारलं नाही. आम्ही रिक्षा केली. विहीर सापडली, आणि तिच्या पलीकडे केळीत ती उभी होती. चाकं काढून विटांवर ठेवलेली, चेसिसला गवत लागलेलं, हिरवा रंग उडून लाल फुली पुरती वर आलेली. पायरीवर एक बाई बसली होती. बागेच्या राखणदाराची बायको, सातपुड्याच्या पायथ्याकडची. आम्हाला वाटलं हटकेल, तर ती उठून म्हणाली, "उन्हाच्या आल्या बाई. या, घरात या, चहा घ्या."

दरवाजा तिला उघडता येईना, अडकलेला होता. ती रोजच्यासारखी दोन्ही हातांनी ओढत होती. मायनं तिला बाजूला केलं, कडीपाशी धरून वर उचललं, आणि दरवाजा निमूट उघडला. बाई बघतच राहिली. "तुम्हाला कसं कळलं?" माय म्हणाली, "असल्या गाड्यांचे दरवाजे असेच असतात." आत फळी होती, ओटा होता, स्टोव्हचं कडं होतं. मसाल्याच्या सहा भोकांपैकी दोनांत मायचेच डबे होते, गंजलेले. तीनांत पेले, एक भोक रिकामं. पहिल्या खिळ्यावर एका तान्ह्या पोराचं झबलं. माय झोपायच्या फळीवर बसली, अगदी कडेला, पाहुणी बसते तशी. बाईनं चहा दिला. सांगत होती, सात वर्षं झाली इथं, तीनही पोरं इथंच झाली, पावसात गळत नाही, उन्हात बरी राहते. ही गाडी आपली होती हे मायनं एकदाही सांगितलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग बाईचा आवाज पडला. म्हणाली, मालकाचा पोरगा आता कारभार बघतो, त्यानं गाडीचे फोटो काढून पाठवलेत. पुण्याकडचे लोक जुन्या मिलिटरीच्या गाड्यांना पैसे देतात म्हणे. दोघंजण बघून गेले. "आहे तशी देऊन टाकू, असं बोलत होता."

मायनं कपबशी खाली ठेवली. त्या घटनेपासून इतक्या वर्षांत मी तिला एवढ्या घाईनं बोलताना ऐकलं नव्हतं. "आजच्या आज भांडी उतरव. अंथरूण, पोरांचे कपडे, देव असतील तर देव. सगळं. कुणी भाव विचारायच्या आत. एकदा बोलणं झालं की तुला आत जाऊ देणार नाहीत. ऐकते ना?"

बाई मायच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण बाई, उतरवून ठेवू कुठं?"

मायनं पुन्हा कप उचलून उरलेला चहा संपवला. मीही. बाहेर विहिरीवरची मोटर चालू होती. मग माय उठली, आपली कपबशी विसळली, कप फळीच्या रिकाम्या भोकात उलटा ठेवला, आणि आम्ही रिक्षात बसलो.